वहिनीच्या कपाळावरचा गोल डाग

वहिनीच्या कपाळावरचा पांढरा डाग मला दिसला मंगळवारी, आणि बुधवारी सकाळी त्याच्यावरचं माझं पत्रक छापून तयार होतं. इतक्या वेगाने आमच्या घरात दुसरं काहीच होत नसे.

पत्रकं आमच्याकडे माझ्या जन्माआधीपासून होती. अप्पा तरुणपणी दारूबंदीपासून सहभोजनापर्यंत ज्या ज्या चळवळीत गेले, तिथून एकेक गठ्ठा घेऊन आले. पुढे बंगळूरला विमानांच्या कारखान्यात इंजिनिअर म्हणून लागले, सरकारी नोकरी म्हणून चळवळी सुटल्या, पण ती कागदांनी भरलेली ट्रंक सुटली नाही. मी अक्षरं शिकले ती त्या ट्रंकेतल्या कागदांवर. शाळेत इतर मुली कमळ आणि बदक वाचत होत्या तेव्हा मी घरी ‘बंधूंनो, आणखी किती दिवस?’ वाचत होते. विसाव्या वर्षी माझी स्वतःची पत्रकं निघू लागली. कुठल्याशा कचेरीने मोडीत काढलेलं हाताने चालवायचं सायक्लोस्टाइल यंत्र अप्पांनी आणलं होतं, ते मागच्या खोलीत असे. मेणकागदावर लोखंडी लेखणीने मजकूर कोरायचा. अक्षर चुकलं तर एका छोट्या बाटलीतला लालसर द्रव झाकणाच्या ब्रशने वर फासायचा, तो लगेच वाळून घट्ट होई, मग त्याच्यावर पुन्हा कोरायचं. शेवटी शाईचा रूळ फिरवायचा.

लिहिणारी मी आणि कोरणारी वहिनी. कारण अप्पांच्या मते माझ्या मजकुराने सरकार उलथलं असतं, पण माझ्या अक्षरामुळे ते कोणाला कळलं नसतं.

वहिनी बेळगावकडची. लग्न होऊन आमच्या घरी आली त्याला आठ महिने झाले होते. तिचं अक्षर असं, की माझ्या शिव्यासुद्धा आशीर्वादासारख्या दिसत. फक्त गेल्या काही महिन्यांत तिचा हात बिघडला होता. दुरुस्तीची बाटली पूर्वी सहा महिने पुरे, ती आता महिन्यात संपू लागली होती.

“वहिनी, इतक्या चुका होतात कशा?” मी विचारायची.

“होतात की वन्सं. हात घसरतो स्वल्प,” ती मान खाली घालून म्हणायची.

“लिहिताना लक्ष कुठे असतं?”

“तुमच्या मजकुरातच असतं हो. वाचून घाबरायला होतं, मग घसरतो.”

हे मला पटत असे. माझा मजकूर घाबरवणाराच होता.

कुंकवाबद्दल आमच्या घरात दोन मतं होती, माझं आणि आईचं. कुंकू ही बायकांच्या कपाळावरची गुलामीची मोहर आहे, असं माझं मत, आणि ते मी दोन पत्रकांतून मांडलं होतं. मी स्वतः कुंकू लावणं सोडलं तेव्हा आईने माझ्याशी बोलणं सोडलं, ते अकरा दिवस. बाराव्या दिवशी तिला कोणालातरी रागवायचं होतं आणि घरात दुसरं कोणी नव्हतं, म्हणून आमचं पुन्हा सुरू झालं. वहिनी आली तेव्हापासून आईचं लक्ष वहिनीच्या कपाळाकडे. वहिनीला घाम फार. बोटाने मेण लावून त्यावर कुंकवाची पूड दाबली तरी स्वयंपाक होईपर्यंत ते ओघळून नाकावर येई. आई म्हणायची, “अगं सूनबाई, कपाळ पुसल्यासारखं काय फिरतेस? एवढंसं कुंकू सांभाळता येईना, संसार कसला सांभाळतेस?” पुढे केव्हातरी वहिनीचं कुंकू टिकू लागलं. सकाळी लावलेलं संध्याकाळी दिवेलागणीला जसंच्या तसं. आईने त्याचं श्रेय स्वतःच्या बोलण्याला दिलं.

तर मंगळवारी वहिनी न्हाऊन केस वाळवत बसली होती आणि कपाळ उघडं होतं. भुवयांच्या मधोमध शर्टाच्या बटणाएवढा पांढरा डाग. मी ओरडले. ओरडायला नको होतं, हे मला आई धावत आली तेव्हा कळलं.

आईने डाग पाहिला. वहिनीची हनुवटी धरून उजेडाकडे वळवून पाहिला. मग खाली बसली आणि एकच शब्द बोलली, “कोड.”

दुपारी तिने वहिनीच्या वडिलांना कार्ड लिहिलं. ‘पत्र मिळताच निघून यावे. मुलीस काही दिवस घेऊन जावे.’ ते कार्ड मीच पेटीत टाकलं, आणि टाकण्याआधी वाचलं. काही दिवस म्हणजे किती, हे आमच्यासारख्या घरांत कोणाला विचारावं लागत नाही. आमच्याच आळीतली एक सून असेच काही दिवस म्हणून गेली होती, ती आम्ही घर बदललं तोवर परतली नव्हती. अप्पांच्याच कारखान्यात लागलेल्या दादाचं वहिनीवर प्रेम होतं, पण आईसमोर तो तोंड उघडायचा ते जेवायला. वहिनी रडली नाही. तिने कोपऱ्यातली पत्र्याची पेटी ओढून तिच्यावरची धूळ पुसली, आणि ते पाहून माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

म्हणून ते पत्रक. ‘भगिनींनो, तुमच्या कपाळावर विष कोण लावतो?’ चिकपेठेतल्या ज्या दुकानातून आमचं कुंकू येई त्या दुकानाला मी नाव घेऊन झोडपलं. कुंकवात भेसळ आहे, भेसळीने कपाळं पांढरी होत आहेत, आणि मुळात कुंकू कशाला, असा चढता क्रम होता. या वेळी मीच कोरलं, कारण वहिनीला तिच्याच कपाळावरचं पत्रक कोरायला सांगणं मलाही बरं वाटेना. खाली ठसठशीत ओळ टाकली, ‘नामवंत त्वचारोगतज्ज्ञांचेही हेच मत आहे.’ रविवारी मराठी मंडळाचं संक्रांतीचं हळदीकुंकू होतं. शहरातल्या सगळ्या मराठी बायका एका दिवाणखान्यात सापडणार होत्या. आता फक्त त्वचारोगतज्ज्ञ सापडायला हवे होते.

ते मल्लेश्वरममध्ये सापडले. बुधवारीच दुपारी, आई झोपलेली पाहून, मी वहिनीला बसमध्ये घातलं.

डॉक्टरांचा दवाखाना त्यांच्या घराच्या पुढच्या दोन खोल्यांत होता. दारावर कानडीत पाटी होती, ‘अंगाला जे जे लावता ते ते घेऊन या.’ शेजारणीने ही अट आधीच सांगितल्यामुळे वहिनीनेही पिशवी भरून आणली होती. बाकावर बसलेल्या प्रत्येकाच्या मांडीवर पिशवी, पिशवीत डबे आणि बाटल्या, आणि सगळ्यांच्या तोंडावर चोरीचा माल परत करायला आल्यासारखा भाव. डॉक्टर साठीचे, काटकुळे, पँट छातीपर्यंत ओढलेली, गळ्यात काळ्या फितीला बांधलेलं मोठं भिंग. ते इथलेच कानडी, पण शिकले मुंबईला, आणि मराठी शिकले तिथल्या खाणावळीत. त्यामुळे त्यांचं मराठी सफाईदार होतं, पण वाढप्याचं होतं. पेशंट समोर बसला की विचारत, “बोला, काय पाहिजे?” आणि पेशंट पुढे काही मागू लागला की, “ते संपलं.”

आमच्या आधी येलहंक्याहून आलेल्या एक बाई आणि त्यांची लग्नाला आलेली मुलगी होती. मुलीच्या गालांवर पुटकुळ्या. डॉक्टरांनी पिशवीतल्या सात वस्तू टेबलावर रांगेत मांडायला लावल्या, लावायच्या क्रमाने. साय, लिंबू, मसुराचं पीठ, एक मलम, दुसरं मलम, पावडर, आणि चेहरा पुसायला स्पिरिट. मग टेबलाचा खण उघडून हाताच्या एका फटकाऱ्यात सातही आत ढकलल्या. बाई मागे वळून माझ्याशी हिंदीत कुजबुजल्या, “औषध द्यायचं सोडून हे आमचंच काढून घेतात!” डॉक्टरांनी ते ऐकलं.

“औषधच दिलंय. पंधरा दिवस दोन वेळा साधं पाणी, एकदा साबण. पितळेचं भांडं आहे का हे, घासायला? पुटकुळीला हात लावायचा नाही. केसांचं तेल कपाळावर ओघळू द्यायचं नाही.”

“आणि रंग थोडा उजळेल असं काही?”

“ते संपलं,” डॉक्टर म्हणाले. “ज्याच्याकडे असेल त्याला पकडून माझ्याकडे आणा. मला त्याला भिंगाखाली बघायचंय.”

माझ्या मनात टाळ्या वाजल्या. हाच माणूस पत्रकाखाली हवा, असं ठरवून मी वहिनीला पुढे ढकललं.

डॉक्टरांनी वहिनीला खिडकीजवळच्या स्टुलावर बसवलं, उजेडाकडे तोंड करून. आधी डोळे मिटायला लावून कापसाचा धागा डागावर टेकवला. “लागलं की सांगा, अम्मा.”

“लागलं.”

“आता?”

“लागलं. आता नाही लागलं. तुम्ही लावलाच नाही की आता.”

“हुशार आहे,” डॉक्टर माझ्याकडे बघून म्हणाले. टाचणीचं टोक लावून पाहिलं, तेही वहिनीला कळलं. म्हणजे महारोग नाही, एवढं मला पुस्तकी ज्ञानाने माहीत होतं. मग ते भिंग घेऊन इतके जवळ गेले की वहिनीने श्वास धरला. “खाज सुटते?”

“सुटते. स्वल्प.”

“कडेला लाल आहे. वर बारीक कोंडा आहे. आणि हा डाग बघा, किती गोल!” ते सरळ उभे राहिले. “कोड वेडंवाकडं येतं. नकाशातल्या बेटासारखं. कोड कंपास घेऊन येत नाही. हे कोणीतरी काढलंय.”

“कुंकवाने काढलंय,” मी म्हटलं.

“तुम्ही कोण?”

“मी नणंद.”

“म्हणजे त्वचेच्या डॉक्टर नाही. सरी, ठीक. पिशवी दाखवा.”

वहिनीने एकेक वस्तू टेबलावर ठेवली. खोबरेल, साबण, शिकेकाई, हळद, कुंकवाचा करंडा, मेणाची डबी. डॉक्टरांनी प्रत्येक वस्तूचा वास घेतला, चिमटीत चोळून पाहिली. मेणाच्या डबीपाशी थांबले. डबी उघडून खिडकीत धरली.

“कुंकू रोज लावता?”

“हो.”

“मेणावर?”

“हो.”

“मग या मेणावर धूळ कशी?” डॉक्टरांनी डबी माझ्यासमोर धरली. मेण गुळगुळीत, वर धुळीचा पातळ थर, आणि बोटाची एकही खूण नाही. “या डबीत कित्येक महिने कोणी बोट घातलेलं नाही. आणि कुंकू रोज लागतंय. अम्मा, ते चिकटतं कशाने?”

वहिनी आपल्या पायांच्या अंगठ्यांकडे पाहू लागली. मला वाटलं, बिचारी घाबरली. म्हणून मी मध्ये पडले, प्रश्न मेणाचा नसून भेसळीचा आणि रूढीचा आहे असं सांगितलं, आणि पत्रक त्यांच्या हातात दिलं. त्यांनी ते भिंगातून वाचलं. मराठी त्यांना वाचता येत होतं, सावकाश.

“हे निदान कोणी केलं?”

“मी.”

“तपासून?”

“समोर दिसतच होतं.”

“मी तीस वर्षं बघतोय, मला अजून भिंग लागतं.” ते शेवटच्या ओळीवर आले. “नामवंत त्वचारोगतज्ज्ञ. हे कोण?”

“तुम्ही,” मी म्हटलं.

“मला माझं मत आत्ता कळतंय. छान. केव्हा बनलं होतं?”

आता इथे माझी बाजू सांगते. मत आधी छापून मग विचारायला जाणं चूक आहे हे मला त्या क्षणी कळलं, आणि कळलेली चूक मी कधी लपवत नाही. “ती ओळ खोडते. मेणकागद बरोबर आणलाय,” असं म्हणून मी माझ्या झोळीतून कागदाची गुंडाळी काढली आणि दुरुस्तीची बाटली टेबलावर ठेवली. खोबरेल आणि शिकेकाईच्या रांगेत.

डॉक्टरांनी ती उचलली. झाकण फिरवलं. वास घेतला तसं त्यांचं नाक आक्रसलं. झाकणाच्या ब्रशने त्यांनी माझ्या पत्रकाच्या कोऱ्या कडेवर एक टिकली काढली. लालसर, चकचकीत, गोल. आम्ही बघत असतानाच ती वाळली. त्यांनी नखाने खरवडली, तर खालचा कागदही सोलून आला.

मग त्यांनी वहिनीच्या कपाळाकडे पाहिलं, आणि मीही पाहिलं.

“किती दिवस, अम्मा?”

“पाच महिने,” वहिनी म्हणाली. “खाली हे, आणि ओलं असतानाच वरून कुंकू. हलत नाही की हो ते. फोडणीची वाफ लागली तरी हलत नाही.”

“काढता कशाने?”

“रॉकेलच्या बोळ्याने. नाहीतर नखाने.”

डॉक्टरांनी हात जोडले. कोणाला, ते कळलं नाही. देवाला असावेत.

मी वहिनीला म्हटलं, “अगं, पण तुला सांगता येत नव्हतं? मी दर महिन्याला तुला चुकांवरून बोलत होते!”

तिने मान वर केली. डोळे भरले होते, पण आवाज चांगलाच ताठ होता. “वन्सं, एक सांगू? माझी एकसुद्धा चूक झाली नव्हती. एकाही कागदावर नाही.”

पाच महिने या बाईने आपल्या मोत्यासारख्या अक्षरावर डाग घेतला, कपाळावरचं कुंकू टिकावं म्हणून. आणि मी बायकांच्या दुःखावर पत्रकं लिहीत त्याच खोलीत बसले होते.

डॉक्टरांनी समजावलं ते असं. हे रोगण कागदासाठी आहे. त्याने कातडी रोज भाजत होती आणि रॉकेल व नख उरलेलं काम करत होते. भाजलेल्या जागचा रंग उडाला आहे, तो कडेकडेने आणि ठिपक्याठिपक्यांनी परत येईल, महिने लागतील. “घाई करायची नाही. काही लावायचं नाही. त्वचा म्हणजे भिंत नव्हे, डाग दिसला की वरून रंग द्यायला. तिला एकटी सोडली की ती आपली आपण शहाणी असते. अंघोळीनंतर अंग ओलसर असताना थोडं खोबरेल, उन्हात छत्री, आणि कपाळ मोकळं.”

“मोकळं म्हणजे कुंकूसुद्धा नाही?” वहिनीने विचारलं.

“काहीच नाही.”

वहिनीचा चेहरा उतरला. “मग झालंच. आधी कोड, आता उघडं कपाळ. आई मला घरात ठेवतील होय?”

मी म्हटलं की मी आत्ता जाऊन आईला सगळं खरं सांगते. वहिनीने माझा हात घट्ट धरला. “नको हो. तुम्ही सांगितलंत तर त्या अजिबात विश्वास ठेवणार नाहीत.” हे अपमानास्पद होतं, पण खरं होतं.

डॉक्टरांनी विचारलं, “सासूबाईंना काय होतंय?”

“तिला काहीच होत नाही,” मी म्हटलं.

“असा माणूस मी अजून पाहिला नाही. आठवा.”

“टाचा फुटल्यात.”

“पुरे. घेऊन या.” बाटली त्यांनी खणात टाकली. “ही माझ्याकडे. तुम्ही थोडे दिवस चुका न करता लिहा.”

गुरुवारी मी आईला टाचांसाठी म्हणून नेलं. आई आज्ञाधारक पेशंट. पाटीची अट सांगितल्यावर तिने देवघर सोडून सगळं पिशवीत भरलं होतं. डॉक्टर तिला पहिल्याच मिनिटाला आवडले, कारण मी बोलू लागले तर ते म्हणाले, “तुम्ही गप्प बसा.” त्यांनी तिच्या टाचा पाहिल्या, तिच्या पिशवीतला काळा खरबरीत दगड पाहिला.

“अक्का, टाचा घासता की खोबरं खवता? दगड संपला. रोज कोमट पाण्यात पाय, पुसून लगेच तेल, रात्री जुने मोजे. महिन्यात साडीला टाच अडकायची थांबेल.”

“बरं,” आई खूश होऊन उठू लागली.

“बसा. कपाळ बघायचंय.”

“कपाळाला काय झालंय?”

“तेच बघायचंय. कुंकू पुसा.”

आईचं कुंकू म्हणजे रुपयाएवढं. ते पुसलेलं मी जन्मात पाहिलं नव्हतं. न्हाणीघरातून ती लावूनच बाहेर येई.

“माझा नवरा जिवंत आहे,” आई म्हणाली.

“अभिनंदन,” डॉक्टर म्हणाले. “पुसा.”

तिने नकार दिला. डॉक्टर रागावले नाहीत. त्यांनी आतून आपल्या बायकोला बोलावलं. त्या ठसठशीत कुंकू लावलेल्या, हसऱ्या बाई. त्यांनी आईला पडद्याआड नेलं, खुर्ची भिंतीकडे वळवली, आणि खोबरेलाचा कापूस घेऊन काहीतरी कानडीत बोलत राहिल्या. आईला त्यातलं निम्मं कळत होतं. मला आत मज्जाव होता. थोड्या वेळाने डॉक्टर भिंग घेऊन आत गेले, आणि मी पडद्याच्या फटीतून पाहिलं. मला त्याचा पश्चात्ताप नाही.

आईच्या कपाळाच्या मधोमध काळा, जाडसर, चरे पडलेला चट्टा होता. कुंकवाच्या आकाराचा.

“किती वर्षं खाजतंय?” डॉक्टरांनी विचारलं.

“कुंकू आहे, खाजायचंच,” आई म्हणाली.

“कोण म्हणालं?”

“कोणी कशाला म्हणायला पाहिजे? सगळ्यांनाच खाजतं.”

“माझ्या बायकोला विचारा.”

त्या बाई म्हणाल्या, नाही हो, मला नाही खाजत. आई त्यांच्याकडे बघत राहिली. तीस वर्षं तिला वाटत होतं की ही सगळ्या सवाष्णींची गुपचूप सोसायची गोष्ट आहे, म्हणून कोणी बोलत नाही.

डॉक्टर सावकाश म्हणाले, “अक्का, कुंकवातला रंग तुम्हाला सोसत नाही. काळं पडलंय. तुमच्या सुनेला मी काल पाहिलं. तिला कोड नाही. तिनेही कपाळावर लावू नये ते लावलं, कागदाचं रोगण, कुंकू घट्ट बसावं म्हणून. कुंकू हललं की तिची सासू रागावते म्हणे. ती सासू कोण, मला ठाऊक नाही. तिचं पांढरं झालं, तुमचं काळं झालं. दुखणं एकच, औषध एकच. दोन महिने कपाळावर काही नाही. दोघींच्याही.”

आईने पदर पुढे ओढून घेतला. बाहेर पडताना डॉक्टरांनी मला माझं पत्रक परत दिलं. त्यातली दुकानाच्या नावाची ओळ पेन्सिलने खोडली होती, कारण तिथलं कुंकू कोणी तपासलेलं नव्हतं, आणि शेवटच्या ओळीतला ‘नामवंत’ खोडला होता.

“वाटा आता,” ते म्हणाले. “पत्रक बरोबर होतं. कपाळ चुकलं होतं.”

बसमध्ये मी विजयाने फुलून गेले होते आणि ते दाखवायची सोय नव्हती. आई खिडकीबाहेर बघत होती. आमचा थांबा येईपर्यंत ती एवढंच म्हणाली, “पाच महिने रॉकेल लावत होती मुलगी?”

शुक्रवारी सकाळी उघड्या कपाळाची आई न्हाणीघरातून बाहेर आली तेव्हा अप्पांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं, तिच्याकडे पाहिलं, आणि पुन्हा उचललं. त्यांच्या सगळ्या चळवळींत मिळून त्यांनी इतका शहाणपणा कधी दाखवला नसेल. आई देवासमोर बसली. करंड्यातलं कुंकू बोटावर घेऊन तिने आपल्या मंगळसूत्राच्या दोन्ही वाट्यांना लावलं. मग हाक मारली, “सूनबाई, इकडे ये.”

वहिनी समोर येऊन बसली. आईने तिच्याही वाट्यांना कुंकू लावलं. “डॉक्टरांनी कपाळ म्हटलंय. गळा नाही म्हटलेला,” ती म्हणाली, आणि माझ्याकडे बघून, “तू काही लिहू नकोस यावर.”

मी लिहिलं नव्हतं. आत्ता लिहिते आहे.

वहिनीने सुधारलेलं पत्रक रविवारच्या हळदीकुंकवासाठी नव्याने कोरलं, एकही अक्षर न चुकता, आणि कोरून झाल्यावर ते माझ्यासमोर मुद्दाम जास्त वेळ धरून उभी राहिली. ते कार्ड मात्र सगळ्यांच्या डोक्यातून गेलं होतं. आईला ते शनिवारी भात वाढताना आठवलं. तिचा हात डावासकट हवेत थांबला. पेटीत पडलेलं कार्ड काही परत घेता येत नाही.

रविवारी सकाळी धुकं होतं. आई आणि वहिनी दोघी अंगावर शाली घट्ट गुंडाळून पायरीवर दुधाची वाट बघत उभ्या होत्या आणि मी मागे दारात होते. फाटकाशी टांगा थांबला. वहिनीचे वडील उतरले, काखेत वळकटी आणि हातात कुंदा मिठाईचा डबा. फाटक उघडून दोन पावलं आत आले आणि त्यांनी वर पाहिलं.

हात शालीत, गळा शालीत. दिसत होती ती फक्त दोन कपाळं, दोन्ही उघडी.

त्यांनी डबा हळूच जमिनीवर ठेवला. टोपी काढली. “विहीणबाई,” ते म्हणाले, “कधी झालं?”

“काय कधी झालं?” आई म्हणाली.

“दोघंही? एकदम? कारखान्यात काही…?” आणि ते तिथेच पायरीवर बसले.

आईला कळायला क्षणभर लागला. तिचा हात कपाळाकडे गेला, आणि तेवढ्यात आतून अप्पांचा आवाज आला, “दूध आलं का गं?” त्यामागोमाग दादा दारात आला, अर्ध्या गालावर साबणाचा फेस, हातात वस्तरा. सासरे आपल्याकडे असं का बघतायत, ते त्याला कळेना. त्याने फेसासकट वाकून नमस्कार केला. म्हाताऱ्याने त्याचा खांदा दाबून पाहिला. खरा आहे की नाही ते.

वहिनीला हसू आवरेना आणि रडूही आवरेना. तिने शालीत तोंड खुपसलं, वर कपाळ तेवढं राहिलं, तेव्हा तिच्या वडिलांना तो पांढरा डाग दिसला. आणि मग त्यांना कार्ड आठवलं. ते उभे राहिले. आवाज एकदम लहान झाला. “विहीणबाई, आम्ही काही लपवलं नव्हतं. आमच्या घराण्यात कोणालाच… तुमचं पत्र मिळालं तसा निघालो. तुम्ही म्हणाल तर दुपारच्याच गाडीने घेऊन जातो.”

मला सगळं ठाऊक होतं, सगळं बोलता येत होतं, आणि मी तोंड उघडलंही. वहिनीने शालीतून हात काढून माझ्या दंडाला असा चिमटा घेतला की पुढे चार दिवस तिथे काळंनिळं होतं.

“पत्र लिहिलं होतं खरं,” आई म्हणाली. “घेऊन जा असंच लिहिलं होतं. आता नाही पाठवत.” तिने एक पायरी उतरून, पुढे वाकून आपलं कपाळ त्यांना नीट दाखवलं, काळ्या चट्ट्यासकट. “हे बरं व्हायला दोन महिने लागणार आहेत. असं एकटीने घरात बसायची मला लाज वाटते. दोघी असलो की निदान एकमेकींकडे बघता येतं. चला आत. आणि तो डबा उचला, मातीत ठेवलाय.”